सोलर पॅनेल भारतात बनतं म्हणजे नक्की किती बनतं?

वायरमन_नाशिककर

नमस्कार मंडळी,

नाशिक आणि आजूबाजूच्या तालुक्यांत घरगुती आणि लहान कारखान्यांची सोलरची कामं घेतो. हल्ली जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक एक प्रश्न विचारतंच: "डीसीआर आणि नॉन-डीसीआर, दोन्ही पॅनेलं इथंच बनतात म्हणता, मग वॅटमागे आठ-दहा रुपयांचा फरक कसला?" फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही. आणि जे उत्तर आहे ते फक्त गिऱ्हाइकानं नव्हे, आपण सगळ्यांनीच समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डीसीआर म्हणजे ज्यातला सेलसुद्धा (पॅनेलमधली वीज तयार करणारी पातळ चकती) भारतात तयार झालाय असं पॅनेल. नॉन-डीसीआर म्हणजे सेल बाहेरून, बहुतेक करून चीनमधून, आणून इथं जोडलेलं. पीएम सूर्यघरची सबसिडी घ्यायची (३ किलोवॉटला ७८,००० रुपये) तर डीसीआरच लावावं लागतं. कारखान्याच्या छपरावर, जिथं सबसिडीचा संबंध नाही, तिथं मालक आजवर नॉन-डीसीआरच मागत आले, कारण ते स्वस्त. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. खरा प्रश्न त्याच्या मागं आहे. डीसीआर सेल भारतात बनला हे ठीक, पण तो ज्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ कापावर, बनला तो वेफर कुठून आला?

पॅनेल उलटीकडून उघडत गेलं की चार टप्पे दिसतात. शेवटचा टप्पा जोडणीचा: काच, ईव्हीएची फिल्म, रिबननं सांधलेले सेल, पुन्हा ईव्हीए, मागची शीट किंवा दुसरी काच. हे सगळं लॅमिनेटरमध्ये तापवून एकजीव करायचं, ॲल्युमिनियमची फ्रेम बसवायची, मागं जंक्शन बॉक्स चिकटवायचा. पैसा लागतोच, पण वर्ष-दीड वर्षात असा कारखाना उभा राहतो. त्याआधी सेल. वेफर भट्टीत घालून त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन मुरवायचा, सायलेनसारखे पेट घेणारे वायू हाताळायचे, चांदीच्या पेस्टनं बारीक रेघा छापायच्या. हा रसायनांचा आणि अतिशुद्ध पाण्याचा कारखाना झाला. त्याच्याही आधी इंगट आणि वेफर: १,४१४ अंशांना वितळणारं सिलिकॉन क्वार्ट्झच्या मुशीत वितळवायचं, त्यातून एकच अखंड स्फटिक, म्हणजे इंगट, सावकाश वर ओढायचा आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या तारेनं त्याचे ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप काढायचे. आणि सगळ्याच्या मुळाशी पॉलिसिलिकॉन, म्हणजे अतिशुद्ध केलेलं सिलिकॉन. त्याच्या एकेका किलोला पन्नास-साठ युनिट वीज लागते.

आता आपले आकडे बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतली, म्हणजे एएलएमएममधली, पॅनेल जोडणीची क्षमता वर्षाला १०० गिगावॉटच्या वर गेली. २०१४ मध्ये ती २.३ गिगावॉट होती. ही झेप मोठी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्याच सुमाराला सेलची क्षमता याच्या चौथाईच्या आसपास होती. इंगट-वेफरची साधारण २ गिगावॉट. आणि पॉलिसिलिकॉन व्यापारी प्रमाणावर बनतच नव्हतं. वरून खाली उतरावं तसा आकडा आटत जातो.

चीनमध्ये याच्या नेमकं उलट. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ मध्ये या पुरवठा साखळीवर अहवाल काढला. त्यानुसार पॅनेलच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता, आणि पॉलिसिलिकॉन, इंगट, वेफर यांत तो ९५ टक्क्यांच्या घरात जाणार होता. २०११ पासून चीननं या धंद्यात ५० अब्ज डॉलरहून जास्त पैसा ओतला. जगातल्या दर सात पॅनेलांमागं एक पॅनेल एकाच कारखान्यात बनत होतं, हेही त्याच अहवालात आहे. एका कारखान्याला आग लागली किंवा पूर आला तर काय, याचा विचार करा.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं साहिबाबादला १९७७ मध्ये सेल आणि १९७८ मध्ये पॅनेल बनवलं होतं. सुरुवात लवकर केली, पण पुढं धोरण सारखं बदलत राहिलं. २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी सेलची अट घातली, तर ती क्रिस्टलाइन सिलिकॉनपुरतीच, म्हणजे वर सांगितलेल्या वेफरच्या पॅनेलांपुरतीच. थिन फिल्मला, म्हणजे काचेवर पातळ थर देऊन बनवलेल्या पॅनेलांना, सूट. मग अमेरिकेतून स्वस्त कर्जासकट थिन फिल्म आली. त्या अटीवरही अमेरिका २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये आपण हरलो. २०१८ मध्ये चीन आणि मलेशियाच्या मालावर २५ टक्के सेफगार्ड ड्युटी (देशी उद्योग वाचवायला लावलेलं तात्पुरतं आयात शुल्क) लागली, ती दर वर्षी उतरत गेली. एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क आलं. एएलएमएमची यादी (सरकारी योजनांत यादीतलाच माल चालेल अशी) २०२१ मध्ये लागू केली, २०२३-२४ चं पूर्ण वर्ष स्थगित ठेवली, एप्रिल २०२४ पासून परत लागू. सेलची वेगळी यादी १ जून २०२६ पासून लावायचा आदेश निघाला आणि वेफरची यादी २०२८ पासून आणायचा प्रस्ताव पुढं आला.

माझं म्हणणं एवढंच आहे. शुल्क लावून आपण जोडणी देशात आणली, सेल हळूहळू येतोय. पण वेफर आणि पॉलिसिलिकॉन नुसत्या शुल्कानं येणार नाहीत. त्यांना स्वस्त, अखंड वीज आणि दहा वर्षं न बदलणारं धोरण लागतं. ते झालं नाही तर परावलंबन संपणार नाही, फक्त एक पायरी खाली सरकेल. तुमचं काय मत? या धंद्यातले कोणी असतील तर जरूर लिहा.

---

सोसायटी_सचिव

फारच उपयुक्त धागा, धन्यवाद. आमची पुण्यातली ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरसाठी सोलर लावायचं सर्वसाधारण सभेत ठरलंय. सूर्यघरमध्ये सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे डीसीआर आलंच. तीन कोटेशनं आली. एकानं सरळ सांगितलं, "डीसीआरच्या नावाखाली बाजारात काहीही विकतात, तुम्हाला कळणारही नाही." यात तथ्य आहे का? आणि असेल तर आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

---

वायरमन_नाशिककर

@सोसायटी_सचिव, तथ्य होतं, म्हणून तर सरकारला नियम घट्ट करावे लागले. मध्यंतरी काही जण "ब्लू वेफर" आणायचे. म्हणजे डिफ्युजन, जो सेल बनवण्यातला मुख्य टप्पा, तो बाहेरच उरकलेला वेफर आणायचा, इथं वरवरची उरलेली प्रक्रिया करायची आणि देशी सेल म्हणून विकायचं. मंत्रालयानं स्पष्ट केलं की ब्लू वेफरपासून बनलेला सेल डीसीआरमध्ये धरला जाणार नाही. "ब्लॅक वेफर", म्हणजे डिफ्युजन न केलेला कोरा वेफर आणून पुढची सगळी प्रक्रिया भारतात केली तर चालेल.

आता हा नियम नीट वाचा. कोरा वेफर आयात करायला परवानगी आहे. तो इथं पुरेसा बनतच नाही, तर दुसरं करणार काय? म्हणजे आज नियमात चोख बसणारं, सबसिडीला पात्र असलेलं पॅनेलसुद्धा बहुतेक वेळा परदेशी वेफरवरच उभं असतं. यात वेंडरची फसवणूक नाही, देशाची आजची स्थितीच तशी आहे.

ओळखायचं कसं: प्रत्येक पॅनेलवर अनुक्रमांक असतो आणि आत आरएफआयडी टॅग (यंत्रानं वाचता येणारी छोटी चिप) असतो. पॅनेल कुठल्या देशात बनलं, सेल कुठल्या देशात बनला, दोन्ही कुठल्या महिन्यात बनले, हे त्यात नोंदवलेलं असतं. वेंडरकडून अनुक्रमांकांसकट डीसीआर प्रमाणपत्र घ्या आणि गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पोर्टलवर ते पडताळून बघा. माल गच्चीवर चढवायच्या आधी. स्ट्रक्चरवर पॅनेल आवळून झाल्यावर मागची पट्टी वाचायला माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागतं.

---

लॅमिनेटर

मी मूळचा नंदुरबारचा. दक्षिण गुजरातमध्ये पॅनेलच्या कारखान्यात लाइनवर सुपरवायझर आहे. वायरमन भाऊंनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, आतून जे दिसतं ते जोडतो.

सेल थर्माकोलच्या खोक्यांत येतात. खोकं उघडायच्या आधी हातमोजे घालायचे, उघड्या बोटाचा ठसा उमटला तरी तो सेल बाद. स्ट्रिंगर मशीन ते सेल उचलून रिबननं सांधतं. सोल्डरिंगचं तापमान जरा चुकलं की सेलला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. ती ईएल टेस्टमध्ये (सेलमध्ये वीज सोडून खास कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत) काळी रेघ म्हणून दिसते. ही रेघ वाचायला आमच्या पोरांना शिकवलं, आज ती पोरं एका नजरेत सांगतात की चीर कुठल्या स्टेशनवर गेली. हे कौशल्य आता आपलं आहे आणि ते कमी लेखू नका.

पण स्ट्रिंगर चिनी. लॅमिनेटर चिनी. स्क्रीनवरचे अर्धे मेनू चिनी भाषेत. मशीनमध्ये मोठा बिघाड झाला की तिकडचा इंजिनिअर लागतो. २०२० मध्ये गलवान झालं, त्यानंतर त्यांच्या लोकांना व्हिसा मिळणं फार अवघड झालं. देशाची सुरक्षा आधी, याबद्दल दुमत नाही. पण आमच्याकडे एक नवी लाइन नुसती झाकून ठेवलेली मी पाहिलीय, कारण ती चालू करून देणारा माणूस येऊ शकत नव्हता. व्हिडिओ कॉलवर तिकडून तो सांगणार, इकडं आमचा पोरगा पाना फिरवणार, मधे दुभाषा.

कच्च्या मालाचंही तेच. काच भरूचला बनते, चांगली बनते, पण सगळ्या देशाला पुरत नाही. ईव्हीए आणि बॅकशीट काही प्रमाणात इथं. सेलवरची चांदीची पेस्ट बरीचशी बाहेरची. तेव्हा सेल आणि वेफर इथं बनवायला लागलो तरी त्यांची यंत्रं कुणाची, हा प्रश्न धाग्यात यायलाच हवा.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. अमेरिकेला जाणारा माल आम्ही वेगळा ठेवायचो. तिथं जून २०२२ पासून कायदा आहे, चीनच्या शिनच्यांग प्रांतातल्या मालावर बंदी. त्यामुळं वेफरची कागदपत्रं पॉलिसिलिकॉन कुठं बनलं इथपर्यंत दाखवावी लागायची. त्या मालाला भावही चांगला मिळायचा. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतावर ५० टक्के शुल्क बसवलं, आणि त्याआधी जुलैमध्येच भारत, इंडोनेशिया आणि लाओसच्या पॅनेलांविरुद्ध तिथल्या कंपन्यांनी अँटी डम्पिंगचा (अवाजवी स्वस्तात माल ओतल्याच्या तक्रारीचा) अर्ज टाकला होता. माल घ्यायचा चीनकडून आणि विकायचा अमेरिकेला. दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात असली की मधल्या कामगाराची ओव्हरटाइम सगळ्यात आधी बंद होते.

---

मृगजळ

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला मूळ गृहीतकच पटत नाही. थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. ते रोज जळतं, रोज आणावं लागतं. आखातात काही झालं की पंपावर भाव वाढतो. पॅनेलचं तसं नाही. एकदा आणून बसवलं की पंचवीस वर्षं वीज देतं. उद्या चीननं पुरवठा बंद केला तरी बसवलेलं एकही पॅनेल बंद पडणार नाही. म्हणजे हे परावलंबन तेलाच्या परावलंबनापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

मग चीन स्वतःच्या तिजोरीतून पैसे घालून जगाला पॅनेलं स्वस्त देत असेल, तर आपण ती दोन्ही हातांनी घ्यावीत. जो रुपया आपण महागड्या डीसीआरवर घालतो, त्यात तेवढ्याच पैशात आणखी गच्च्या झाल्या असत्या. गरीब देशाला आधी वीज हवी की आधी वेफर?

---

जालन्याचा_मोसंबीवाला

मृगजळ साहेब, वीज आधी, हे खरंच. माझ्याकडे मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून ५ एचपीचा पंप बसलाय. दहा टक्के मी भरले, बाकी सरकारनं. पूर्वी थ्री फेजची पाळी रात्रीची असायची. बॅटरी हातात धरून, पायाखाली काय येतं ते बघत बागेला पाणी द्यायचो. आता सकाळी नऊला पंप चालू होतो. हे सुख शब्दांत सांगता येत नाही. त्यामुळं पॅनेल महाग होऊन ही योजना अडायला नको, हे माझंही म्हणणं.

पण "बसवलं की झालं" हे शेतात खरं ठरत नाही. पॅनेल टिकतं, कंट्रोलर (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारा डबा) टिकत नाही. ऐन एप्रिलात माझा कंट्रोलर गेला. स्क्रीनवर एरर, मोटर ढिम्म. बसवणाऱ्या कंपनीच्या माणसानं खोलून पाहिलं, म्हणाला आतलं कार्ड गेलंय, इथं दुरुस्त होत नाही, कार्ड बाहेरून येतं, आलं की बसवू. मोसंबीला एप्रिलात पाण्याचा ताण पडला की फळ गळतं, ते कार्ड येईपर्यंत थांबत नाही. शेवटी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाईप टाकला.

तालुक्याच्या गावात मोटर रिवाइंडिंग करणारे कितीतरी जण आहेत. जळालेली मोटर दुसऱ्या दिवशी मिळते. कंट्रोलरचं कार्ड दुरुस्त करणारा जिल्ह्यात शोधून सापडत नाही. सेल, वेफर मोठ्या लोकांचे विषय आहेत. मला विचाराल तर आधी कंट्रोलर इथं बनवा, त्याचा नकाशा मेकॅनिकला द्या आणि सुटे भाग तालुक्याला ठेवा.

---

एल्बेकाठी

मी जर्मनीत झाक्सन राज्यात राहतो. मृगजळ यांचा युक्तिवाद इथं वीस वर्षांपूर्वी अगदी याच शब्दांत होत होता. त्याचं पुढं काय झालं ते लिहितो.

जर्मनीनं २००० मध्ये कायदा करून सौर वीज वीस वर्षं ठरलेल्या चढ्या दरानं विकत घ्यायची हमी दिली. पॅनेलला मागणी निर्माण झाली ती इथं. सेल बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी काही काळ जर्मन होती: क्यू-सेल्स, शेजारच्या झाक्सन-आनहाल्टमध्ये. आमच्या फ्रायबर्गमध्ये सोलरवर्ल्ड वेफरपासून पॅनेलपर्यंत सगळं बनवायची. शहर खाणीचं, खाण विद्यापीठ जुनं, धातू आणि स्फटिकांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं.

मग चिनी कंपन्यांनी सेल आणि वेफरची यंत्रं विकत घेतली, बरीचशी जर्मनीतूनच. इथल्या यंत्र बनवणाऱ्यांचा धंदा तेजीत होता, कुणाला तक्रार नव्हती. तिकडं स्थानिक सरकारांनी जमीन, कर्ज आणि स्वस्त कोळशाची वीज दिली. माणसंही बाहेर शिकून गेली होती. सनटेकचे संस्थापक शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकले. २०१२ मध्ये क्यू-सेल्स दिवाळखोरीत गेली, कोरियाच्या हानव्हानं घेतली. युरोपीय संघानं २०१३ मध्ये चिनी पॅनेलवर अँटी डम्पिंग शुल्क आणि किमान किंमत लावली, २०१८ मध्ये काढून टाकली. सोलरवर्ल्ड २०१७ मध्ये गेली. नंतर मायर बुर्गर या स्विस कंपनीनं, जी आधी यंत्रंच बनवायची, फ्रायबर्गमध्ये पॅनेलचा कारखाना चालवून पाहिला. २०२४ मध्ये तो बंद झाला, २०२५ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत निघाली.

चीनमध्येही सगळे तरले असं नाही. सनटेकची मुख्य कंपनी २०१३ मध्ये बुडाली. पण तिथं एक कंपनी बुडाली तर तिची माणसं आणि यंत्रं शेजारच्या कंपनीत गेली. इथं कंपनी बुडाली की माणसं धंदाच सोडून गेली. माझ्या शेजारी राहणारे एक गृहस्थ इंगटच्या भट्टीवर होते. स्फटिक ओढताना वेग किती ठेवायचा, कधी कमी करायचा, हे त्यांना आकड्यांशिवाय कळायचं. आज ते एका गोदामात मालाची नोंद ठेवतात. शुल्क परत लावता येतं, असा माणूस पुन्हा तयार करायला किती वर्षं लागतील?

म्हणून मृगजळ, "आत्ता स्वस्त मिळतंय तर घ्या" याची किंमत लगेच दिसत नाही. युरोपला ती २०२२ मध्ये कळली. रशियाचा गॅस आटला, सगळ्यांना एकदम सोलर हवं झालं, आणि देणारा एकच देश उरला होता.

---

मृगजळ

@एल्बेकाठी, माहितीबद्दल आभार, हा तपशील मला नव्हता. कौशल्य विरून जातं हा मुद्दा मान्य. तरीही २०२२ मध्ये युरोपला पॅनेलं मिळालीच ना? चीननं अडवली नाहीत. पुरवठा तुटण्याची भीती अजून तरी कागदावरच आहे.

---

रोहिणी_नक्षत्र

पुरवठा तुटला नाही, पण भावानं झटके दिले, आणि तो अनुभव ताजा आहे. मी मटेरियल सायन्समध्ये काम करते, पॉलिसिलिकॉन हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

जुलै २०२० मध्ये शिनच्यांगमधल्या एका पॉलिसिलिकॉन कारखान्यात स्फोट झाला. त्याच महिन्यापासून भाव चढायला लागले. पुढं मागणी वाढली, चीनमध्ये विजेची टंचाई झाली, आणि किलोला दहा डॉलरच्याही खाली असलेलं पॉलिसिलिकॉन २०२२ मध्ये चाळीस डॉलरच्या जवळ पोचलं. आपल्याकडे ज्यांनी युनिटला दोन-अडीच रुपये दरानं प्रकल्प घेतले होते, त्यांचं गणित कोलमडलं, प्रकल्प लांबले. मग २०२४ मध्ये तोच भाव पाच डॉलरच्या आसपास कोसळला. चीननं गरजेच्या कितीतरी पट कारखाने उभारले होते. मृगजळ, कोणी अडवायची गरजच नाही. भाव चढला तरी आपण अडतो, आणि भाव पडला तर आपला नवा कारखाना जन्मायच्या आधी मरतो. दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो.

भारतानं प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. तमिळनाडूत मेत्तूरला मेटकेम सिलिकॉननं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानाच्या आधारावर १९८० च्या दशकात पॉलिसिलिकॉन बनवलं होतं. प्रमाण लहान होतं, पण बनवलं होतं. नंतर छत्तीसगडमध्ये राजनांदगावला लँको कंपनीचा पॉलिसिलिकॉनचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तो पूर्ण झालाच नाही आणि मूळ कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. दोन्ही वेळा विज्ञान अडलं नाही. वीज महाग होती, भांडवलाचा व्याजदर जास्त होता, आणि बाहेरचा माल स्वस्त होता.

आता पुन्हा उभं करायचं तर शुल्काच्या जोडीला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतील. चोवीस तास, स्वस्त वीज. देशी वेफर घ्यायची अट, आणि तिची तारीख पुढं न ढकलण्याची हिंमत. आणि यंत्रं. सरकारनं उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत २०२१ मध्ये ४,५०० कोटी आणि २०२२ मध्ये १९,५०० कोटी ठेवले. पॉलिसिलिकॉनपासून पॅनेलपर्यंत सगळं बनवणाऱ्याला त्यात जास्त गुण होते, ही रचना योग्यच होती. पण झटपट उभा राहिला तो जोडणीचा भाग, मुळाकडचा रेंगाळला. यंत्रांवर तर फारच थोडं झालं, आणि @लॅमिनेटर यांनी लिहिलंय तेच इथं नडतं.

एक लक्षात ठेवावं: शंभर टक्के स्वावलंबन चीनकडेही नाही. इंगटसाठी लागणाऱ्या मुशीचं आतलं अस्तर अतिशुद्ध क्वार्ट्झचं असतं आणि त्याचा मोठा स्रोत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइन गावात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलन चक्रीवादळ तिथं धडकलं तेव्हा चिप आणि सोलर, दोन्हीकडचे लोक धास्तावले होते. पण चीनला कुणाची एक गोष्ट लागते, तर इतरांना त्यांच्या दहा लागतात. आपणही असे दोन-तीन टप्पे स्वतःच्या ताब्यात आणले पाहिजेत, की समोरच्याला आपल्याशी बोलावं लागेल.

@जालन्याचा_मोसंबीवाला दादा, तुमचा कंट्रोलरचा मुद्दा लहान नाही. उलट सगळ्यात लवकर सुटू शकेल असा तोच आहे. ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे, आपल्या पॉलिटेक्निकमधली मुलं ते करू शकतात. टेंडरमध्ये सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग देण्याची अट टाकायची, एवढंच.

---

लॅमिनेटर

रोहिणीताई, एक विचारतो. आमच्या लाइनवरची पोरं आयटीआय, डिप्लोमावाली आहेत. वेफर-सेलकडे जायची त्यांची तयारी आहे. शिकायला कुठं जावं?

---

रोहिणी_नक्षत्र

आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांच्याकडे सेल बनवण्याची प्रयोगशाळा आहे आणि ते प्रशिक्षणही देतात, त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. पण खरं सांगायचं तर भट्टीवरचं काम भट्टीवरच शिकतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला, गुजरातेत तुमच्या जवळ चिखलीला आणि मुंद्र्याला सेलचे कारखाने आहेत. पोरांना तिकडं अर्ज करायला सांगा, आत्ताच. सेलच्या यादीमुळं कंपन्या सेलसाठी माणसं शोधत फिरतील, तेव्हा अनुभव असलेल्याला मोल येईल.

---

सोसायटी_सचिव

इन्व्हर्टरचं कुणी सांगेल का? तिन्ही कोटेशनांत पॅनेल भारतीय आहेत, पण दोन ठिकाणी इन्व्हर्टर चिनी. मोबाइल ॲपवर वीज किती झाली ते दिसतं म्हणतात. त्यात काही धोका?

---

वायरमन_नाशिककर

ॲपवर दिसतं म्हणजे इन्व्हर्टर इंटरनेटवरून कुठल्या तरी सर्व्हरशी बोलतो. एका सोसायटीचा इन्व्हर्टर कुणी लांबून बंद केला तर फार बिघडत नाही. लाखो छपरांवरचे एकदम बंद केले तर ग्रिडला धक्का बसतो, चिंता त्याची आहे. लिथुआनियानं २०२४ मध्ये कायदाच केला: १०० किलोवॉटच्या वरच्या प्रकल्पांत चिनी कंपन्यांना लांबून नियंत्रण करता येणार नाही. तुम्ही वेंडरला दोन गोष्टी लेखी विचारा. डेटाचा सर्व्हर भारतात आहे का, आणि इंटरनेट काढून टाकलं तरी इन्व्हर्टर चालतो का. भारतीय बनावटीचा इन्व्हर्टर थोडा महाग पडेल, पण सर्व्हिसला माणूस पुण्यातच मिळतो का तेही बघा, मोसंबीवाले काकांचा अनुभव समोर आहेच.

वर्क ऑर्डरमध्ये पॅनेलचं मॉडेल, सेल कुणी बनवला त्याचं नाव, अनुक्रमांकांची यादी आणि डीसीआर प्रमाणपत्र हे सगळं आगाऊ रकमेच्या आधी जोडून घ्या. वॉरंटीचं पत्र वेंडरच्या लेटरहेडवर चालवून घेऊ नका, पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचंच मागा. कोटेशनं इथं टाकलीत (नावं झाकून) तर रात्री बघून सांगतो.